विषय: गणपतीला निपाणीला जातोय, बाबांच्या छातीची काळजी वाटते

प्रेषक: निपाणीकर, सध्या लीड्स

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांनी गणपतीला घरी जातोय. मी, बायको आणि दोन मुलं. धाकटी नर्सरीत जाते, त्यामुळे तिचं नाक महिन्यातून दोनदा तरी वाहतंच.

बाबा 76 वर्षांचे आहेत. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली, त्यामुळे सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. गेल्या पावसाळ्यात साधा फ्लू झाला आणि आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. पुन्हा असं झालं तर सावरणं अवघड जाईल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय. आई फोनवर म्हणते, "असलं काय मनात आणू नको, तू ये फक्त."

मी मात्र मनात आणलंय. 2021 साली काकांच्या दिवसांना येणाऱ्या कोल्हापूरच्या आत्याला कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून परत पाठवलं होतं, कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट नव्हता म्हणून. तेव्हा फार राग आला होता. आता नाक्यावर कोणी काही विचारत नाही, आमचं आम्हीच ठरवायचं आहे. विमानातून उतरून आम्ही चौघं बाबांच्या खोलीत शिरणार आणि मुलं त्यांच्या गळ्यात पडणार. तीन वर्षांनी आलेल्या मुलाने तोंडाला मास्क लावला तर त्यांना काय वाटेल, हेही कळत नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

प्रेषक: शहापूर, बेळगाव

भाऊ,

मी मस्कतला अकरा वर्षं नर्स होते. आता घरी परत आलेय, पण या मेलच्या यादीवर अजून आहे. तुमचा मेल वाचला आणि लगेच लिहायला बसले.

आधी लशीचं. बाबांना यंदाची फ्लूची लस दिली आहे का? फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. तुमच्याकडे ती थंडीच्या तोंडावर देतात. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा चढतो, जानेवारी ते मार्च आणि पाऊस ओसरत आला की. गणपती नेमके त्या दुसऱ्या चढात येतात. लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात, तेव्हा तुम्ही निघायच्या आत बाबांना आणि आईंना टोचून घ्यायला सांगा. न्यूमोनियाच्या लशीचंही त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बेळगावच्या टिळकवाडीत आपण व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फिरायला जातो की नाही, तिथं एके काळी देवीची लस तयार होत होती. आपल्या गावाला लस नवी नाही, हे मी इथल्या म्हाताऱ्यांना आवर्जून सांगते.

आता घराचं. तुमच्या घराला पुढे मोकळा सोपा, म्हणजे ओसरी आहे ना? मग पहिले पाच दिवस बाबांच्या भेटीगाठी सोप्यावरच होऊ द्या. पाचच का, तर फ्लूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात आणि लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला तो देऊ शकतो. विमानतळावरच्या रांगेत काही लागलं असेल तर बहुतेक या पाच दिवसांत कळतं. चौघांपैकी एकाला जरी घसा दुखू लागला, तरी मुक्काम माडीवर हलवायचा आणि बाबांशी खालून-वरून बोलायचं.

सोप्यावरच का? हे विषाणू नुसते शिंकेच्या मोठ्या थेंबांतून येत नाहीत. बोलताना, श्वास सोडताना बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगतात. उदबत्तीचा धूर कसा कोपऱ्यात रेंगाळतो, तसंच बघा. सोप्यावर वारा असतो, धूर टिकत नाही.

आमच्या शहापुरात नि वडगावात मागाच्या शेडमध्ये मी हे बघत आलेय. सूत वाळू नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात, आणि आवाज एवढा की कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलावं लागतं. माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके जास्त कण बाहेर पडतात. एका मागवाल्याला ताप आला की आठवड्यात अख्खी शेड खोकायला लागते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या शेडवाल्याला मी वरची एक खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. सुताचं काय, म्हणाला. आधी त्याला पटलं नाही, मग त्याच्या आईलाच न्यूमोनिया झाला. आता ती खिडकी उघडी असते, आणि शेडमध्ये खोकणारा दोन दिवस घरी राहतो. त्या दोन दिवसांची मजुरी शेडवाला देतो, हे महत्त्वाचं. मजुरी बुडणार असेल तर कोण घरी बसेल?

पावसाची झड आत येते म्हणून लोक सगळी दारं लावून घेतात. ज्या बाजूने झड येते तेवढीच लावा आणि परसदार उघडं ठेवा. वारा अजिबात नसेल तर टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. आतली हवा बाहेर गेली की दाराकडून ताजी हवा येते. डासांसाठी जाळी लावून घ्या, खिडकी बंद करू नका. सांबऱ्याच्या विमानतळाहून गाडीने येणार असाल तर एसी बाहेरची हवा घेईल असं बटण लावा, नाहीतर दीड तास चौघं एकमेकांचीच हवा घ्याल.

मास्क एन९५ घ्या. नाकावरची पट्टी चिमटून बसवा. कडेने हवा जात असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि बाबांना परकं वाटेल म्हणता, तर आदल्या दिवशी फोनवर स्वतःच सांगा, "बाबा, तुमच्यासाठी लावणार आहे." न सांगता लावला तर वाईट वाटतं, आधी सांगितलं तर नाही. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय.

हात साबणाने वीस सेकंद धुवायचे. या विषाणूंवर चरबीचं वेष्टण असतं, ते साबणाने फुटतं. न्हाणीतला पंचा सगळ्यांनी वापरू नये, मुलांना वेगळा द्या.

बाबांना ताप आलाच तर वाट बघू नका. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मेडिकलमधून आणून देऊ नका. काढा द्या, बरं वाटतं त्याने. वाफ जपून द्या, म्हाताऱ्यांच्या मांडीवर भांडं कलंडून भाजल्याचे दोन पेशंट मी स्वतः बघितलेत. बाबांचा ऑक्सिजन एरवी किती असतो ते आत्ताच मोजून लिहून ठेवा, कारण सीओपीडीत तो आधीच थोडा कमी असू शकतो. त्याहून खाली गेला, धाप वाढली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर थेट दवाखाना.

---

प्रेषक: अनगोळकर, सध्या सिएटल

ताईंच्या मेलला जोडून एक गोष्ट, आमच्या शेजारच्या गावातली. मार्च 2020 मध्ये माउंट व्हर्नन इथं गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. 61 जण होते आणि त्यातल्या एकाला आधीपासून कोरोनाची लक्षणं होती. मिळून 53 जण आजारी पडले, दोघं गेले. बंद हॉल आणि मोठ्याने गाणं.

मला तेव्हापासून आपली आरतीच डोळ्यांपुढे येते. देवघराच्या बारा बाय दहाच्या खोलीत पंचवीस माणसं, झांजा, टाळ्या, आणि घालीन लोटांगणला तर सगळ्यांचाच आवाज चढलेला. आरती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. गणपती सोप्यावर बसवता येईल का, किंवा बाबा आरतीला दाराबाहेर खुर्चीत बसतील का, एवढा विचार करा. आम्ही दोन वर्षं अंगणात आरती करतोय. आवाज जास्त लांब जातो, शेजारची गोरी मुलंही येऊन उभी राहतात.

---

प्रेषक: खानापूर

मंडळी, सगळं बरोबर असेल, पण इतकं मोजूनमापून घरी गेलं तर घर कसलं? आमच्याकडे आजारी माणसाला बघायला गेलो नाही तर बोल लागतो. नातेवाईक सोप्यावर थांबतील? मनापासून विचारतोय, वाद म्हणून नाही.

---

प्रेषक: शहापूर, बेळगाव

काका, बोल लागतो हे खरं आहे. बघायला येऊन हात धरून बसणारी माणसं आहेत म्हणून आमचे पेशंट उभारी धरतात, तेही मी पाहिलंय. पण खोकणारा पाहुणा पेशंटच्या उशाशी बसू नये, एवढं त्या घरातल्या मोठ्याने तोंड उघडून सांगायला हवं. सुनेने सांगितलं तर तिला बोल लागतो. सासऱ्याने सांगितलं तर कोणी काही म्हणत नाही.

आणि या साध्या गोष्टींनी काय होतं म्हणाल, तर फ्लूच्या 'बी' प्रकारातली यामागाटा नावाची एक शाखा होती. मार्च 2020 नंतर ती जगात कुठे खात्रीने सापडलेली नाही, आता लशीतूनही ती काढायला सांगितलंय. जग मास्क लावून, अंतर ठेवून घरात बसलं होतं, त्याच काळात ती दिसेनाशी झाली.

---

प्रेषक: निपाणीकर, सध्या लीड्स

ताई, काका, सिएटलचे दादा, सगळ्यांचे आभार.

काल रात्री बाबांशी बोललो. मास्कचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वखारीत आम्ही तोंडाला फडकं बांधत होतो, तंबाखूच्या धुळीनं. तेव्हा कुणाला परकं वाटलं नाही."

लस परवा घेणार आहेत, आईही. ऑक्सिजन मोजला, 93 आला, आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आज सकाळी गवंडी बोलावून सोप्यावरचा ओटा नीट करून घेतला म्हणे, गणपतीचा चौरंग तिथं ठेवायला. आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते मीच सांगतो, म्हणालेत.