मित्रांनी लांबून मिळून विनोद लिहिता येतो का? माझं मत: नाही

आयर्विनचा_कठडा:
आम्ही चौघं. गॅदरिंगची प्रहसनं आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून, भडंगाच्या पुडीभोवती लिहिलेली. आता एक पुण्यात, एक बंगळुरात, एक जर्मनीत, मी सांगलीतच. यंदा गणपतीसाठी वीस मिनिटांचं प्रहसन व्हिडिओ कॉलवर लिहितोय आणि जमत नाहीये. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जेमतेम लागतो. कॉलवर तेवढा वेळ आवाज पोहोचण्यातच जातो. त्यात घरच्या गोंगाटामुळे सगळे म्यूटवर. जोक पडला की स्मशानशांतता. मग बंगळूरवाला अनम्यूट करून सांगतो, "हसलो रे." या शांततेला घाबरून आम्ही तीन बरी वाक्यं कापली.

वही_पेन:
साफ चूक. कठड्यावर लोक वाक्याला हसत नाहीत, मित्राला हसतात. शिवाय रात्री दहानंतर पुलावर बसायची मुभा मला कधीच नव्हती. ज्याचा आवाज मोठा त्याचा जोक, हीच तुमच्या कट्ट्याची लोकशाही. आम्ही तिघी शेअर केलेल्या फाईलमध्ये लिहितो. दुसरीचं वाक्य खोडायचं नाही, बाजूला सूचना टाकायची. खोडलंच तर जुना मसुदा परत काढता येतो. आठ दिवसांनी वाचून हसू आलं तर वाक्य राहतं. तुमची तीन वाक्यं कॉलनं नाही, तुम्ही घाईनं मारली.

जुना_प्रेक्षक:
ताई, पण गाव कुठलं ते बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पात्रांची भाषणं लिहिलेली नसत. सूत्रधार पदं म्हणायचा, नट त्या धाग्यानं आयत्या वेळी बोलायचे. समोरच्याचा चेहरा बघून सुचतं ते फाईलमध्ये कुठून येणार?

वही_पेन:
काका, पदं छापून उरली. ती आयती भाषणं हवेत गेली. यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो की!

मिरज_जंक्शन:
भांडा निवांत, पण आधी एक करा. कॉलच्या सेटिंगमध्ये आवाज गाळायची सोय असते, ती बंद करा. बोलणं तेवढं ठेवायचं म्हणून ती बऱ्याचदा हसणंही गोंगाट समजून कापते. चौघांनी हेडफोन लावा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मग म्यूट काढा. कुकर वाजला तर वाजू दे. आमच्यात एक जण नुसता ऐकायला बसवतो, त्यानं लिहायचं काहीच नाही. तो कुठं हसला तेवढी खूण करायची. लिहिणारे एकमेकांच्या जोकला हसतात ते निम्मं उसनवारीचं असतं लका.

आयर्विनचा_कठडा:
काल करून बघितलं. इथले रात्रीचे दहा, जर्मनीत साडेसहा, म्हणजे तिकडं कांदा चिरणं चालू. सगळे अनम्यूट. ऐकायला पुणेवाल्याची आई. पहिल्या पानावर त्या एकदाही हसल्या नाहीत, दुसऱ्या पानावर आम्ही विनोद म्हणून लिहिलेलंच नव्हतं तिथं हसल्या. कापलेल्या तिनातलं एक वाक्य परत आलं. वही_पेन यांना तेवढा एक मार्क. मत मात्र बदललेलं नाही, गणपतीच्या आधी चार दिवस सगळ्यांना सांगलीला बोलावलंय.

आणि हो, शेवटच्या पंचवर पुण्यात कुकरची शिट्टी झाली. ती संहितेत ठेवलीय.