नववीला हिंदी की संस्कृत?

लेक जूनमध्ये नववीत जाईल. शाळेत पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत किंवा ५०-५० गुणांचं संयुक्त, असं निवडायचंय. जो तो म्हणतो संस्कृत घ्या, गुण पडतात. पण आठवीत शब्दरूपं पाठ करताना ती रडायची, ते मी पाहिलंय. आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड. हिंदी ती टीव्हीवरच शिकली.

उत्तर १
संयुक्त नको ताई. आमच्या मुलाला दोन्ही व्याकरणं सांभाळताना नाकी नऊ आले.

उत्तर २
मी संस्कृत शिकवते. तेलुगू घरातल्या मुलीला 'वृक्षम्', 'पुस्तकम्' परके नसतात, हे तिला कुणी सांगितलंय का? रडू बहुतेक घोकंपट्टीचं असतं. दहावीला ८० गुण लेखी, २० अंतर्गत. दोन्ही भाषांतला एकेक न वाचलेला उतारा द्या, गाइड बाजूला ठेवून. ज्यात ती रमेल, ती भाषा.

ताईंचं उत्तर
काल दिला. संस्कृत उताऱ्यातले शब्द ती आजीला तेलुगूत विचारत बसली. जेवायला दोनदा हाका मारल्या. पूर्ण संस्कृत लिहून देतेय, मॅडम.