घरी शिकलेल्या मुलीच्या सीईटीच्या तयारीसाठी मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरला राहतो. सातवीपासून घरीच शिकणारी माझी मुलगी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) बारावी देऊन अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. अडचण अशी की, या परीक्षेचे प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, सुमारे ८० टक्के बारावीवर व २० टक्के अकरावीवर, बेतलेले असतात, तर तिची पुस्तके व धड्यांचा क्रम निराळा आहे. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिला विषय समजतो, पण घड्याळ लावून बसण्याची सवय मुळीच नाही (ही उणीव आमचीच). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढाच दिलासा. दोन्ही अभ्यासक्रमांची सांगड कशी घालावी, आणि जळगाव-धुळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्याला केवळ सराव परीक्षांना बसू देणारे वर्ग आहेत का, हे कोणी स्वानुभवाने सांगू शकेल का?