मदत हवी आहे: आजोबांचा १९३९चा रुपया

आजोबांच्या पेटीत सहाव्या जॉर्जचा १९३९चा मुंबई टांकसाळीचा रुपया सापडला. भरला ११.६६ ग्रॅम, म्हणजे अस्सल रुपयाइतकाच. पण या सालाच्या नकला फार, नुसत्या वजनावर काय भरवसा! (आत्या चिंच घेऊन घासायला निघाली होती, वेळेत हिसकावला.)

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडून ग्रेडिंग (अस्सल आहे का पाहून दर्जा ठरवणं) करून घ्यायचंय. लिलावातली चिठ्ठी, पावती असेल तर त्यांच्या सीलबंद डबीच्या लेबलवर आधीच्या संग्रहाचं नाव येतं म्हणतात. माझ्याकडे फक्त नाण्याचं खाकी पाकीट, त्यावर आजोबांच्या अक्षरात ‘सराफाकडून, १९६१’. पावती नाही. एवढा पुरावा चालेल का? शंभर वर्षं झालेली नाहीत, म्हणजे जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालणाऱ्या १९७२च्या पुरावशेष कायद्याची अडचण नसावी. पण परदेशी पाठवताना कस्टमला काय लिहून दिलंत? आणि पाकीटही सोबत पाठवू, की नुसता फोटो?