नायजेरियातली मोबाईल दरवाढ: लूट कसली?

इकेजाकर
काल मुळामुठा यांनी लिहिलं की जानेवारी 2025 मध्ये नायजेरियातल्या मोबाईल कंपन्यांना 50 टक्के दर वाढवू दिले ही सरळ लूट आहे आणि तिकडे एक जिओ गेला की सगळे सुतासारखे सरळ होतील. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, 2013 पासून दर हलले नव्हते. जून 2023 मध्ये नायरा, म्हणजे तिथलं चलन, बाजारावर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला 460 च्या आसपास होता, 2024 संपताना 1500 च्या वर. सामान सगळं बाहेरून येतं, टॉवरच्या भाड्यात डॉलरचा हिशोब, लाइटचा भरवसा नाही म्हणून डिझेल जाळायचं. तिथली सगळ्यात मोठी कंपनी एमटीएन, तिला 2023 मध्ये 137 अब्ज नायरा तोटा, 2024 मध्ये 400 अब्ज. कंपन्या 100 टक्के मागत होत्या, एनसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, निम्मे दिले. इथे लेगोसमध्ये राहून रोज तेच नेटवर्क वापरतो मी, पुण्यात बसून लूट म्हणणं सोपं आहे.

मुळामुठा
पुण्यात बसलोय म्हणून आकडे वाचता येत नाहीत असं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये एमटीएनचा 15 जीबीचा आठवड्याचा प्लॅन 2000 वरून थेट 6000 नायरा झाला. हे 50 टक्के? लोक एवढे भडकले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आणि तुम्ही 2024 ला येऊन थांबलात, पुढचं सांगा की. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत 414 अब्ज नायरा नफा. तोटा नायरा पडल्यामुळे होता, तो भरून काढला बाजारातल्या भाजीवालीकडून.

टॉवरवाला
टॉवरच्या कामात आयुष्य गेलं, त्यातली काही वर्षं तिकडे. जनरेटर चोवीस तास, रात्री कुणीतरी येऊन टाकीतलं डिझेल काढून नेतं, सकाळी साइट बंद आणि शिव्या आम्हाला. रस्ता करणारा ठेकेदार न विचारता जेसीबी घालतो की फायबर गेली. वरून केबल टाकायची तर प्रत्येक राज्याची फी वेगळी. राहता राहिला जिओ. इकडे त्याला निदान ग्रिडची वीज तरी मिळाली, आणि जुलै 2024 मध्ये त्यानेही दर वाढवलेच ना? तिकडे नवीन भिडू येऊन गेलाय. अमिरातीची एतिसलात 2008 ला आली, बँकांचं 120 कोटी डॉलरचं कर्ज फेडता येईना म्हणून 2017 ला बाहेर पडली. मग त्याच कंपनीचं नाव 9मोबाईल, आता टी2. पाट्या बदलल्या, गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

निशिगंध
तुमचे अब्ज तुम्हाला लखलाभ. आम्ही उत्तर नायजेरियात कानोला होतो तेव्हा न मागता कुठली कुठली सेवा चालू व्हायची, एकदा क्रिकेटच्या बातम्या, एकदा रोजचं भविष्य, आणि शिल्लक उडायची. कंपनीचं नाव लिहीत नाही. फोन केला की अर्धा तास गाणं वाजणार. शेवटी शेजारणीने 2442 वर मेसेज करायला सांगितलं तेव्हा थांबलं. ते गेलेले पैसे कुणी परत दिले?

जुना गडी
निशिगंधताई, पैसे काढायची ही सवय जुनीच आहे. 2001 मध्ये जीएसएम, म्हणजे आताची मोबाईल सेवा, आलं तेव्हा सिम 20,000 नायराच्या घरात, सरकारी किमान पगार 7,500. मिनिटाला 50 नायरा, आणि दहा सेकंद बोललात तरी अख्खं मिनिट कापणार! लोक मिस्ड कॉलवर दिवस काढायचे, नाहीतर रस्त्यावर छत्रीखाली फोन घेऊन बसलेल्या बाईकडे जायचे. सेकंदाचा हिशोब मागितला तर म्हणे आत्ता शक्य नाही, कित्येक वर्षं लागतील. ऑगस्ट 2003 मध्ये तिथले उद्योगपती अडेनुगा यांची ग्लो ही मोबाईल कंपनी आली आणि पहिल्याच दिवसापासून सेकंदावर पैसे. काही महिन्यांत बाकीच्यांनाही जमलं. तेव्हा खर्च परवडत नाही हे रडगाणं कंपन्यांच्या तोंडून मी ऐकून घेत नाही.

मुळामुठा
हेच! मी जिओ म्हणालो ते याच अर्थाने.

इकेजाकर
जुना गडी, ग्लोने धर्मादाय केलं नाही. दोन वर्षं उशिरा आली, गिऱ्हाईक ओढायला काहीतरी वेगळं द्यायलाच हवं होतं. शिवाय आधीच्या दोन कंपन्यांनी परवान्यासाठी प्रत्येकी 28.5 कोटी डॉलर मोजून, जिथे काहीच नव्हतं तिथे टॉवर उभारले. 12 कोटींच्या देशात नायटेल या सरकारी कंपनीचे फोन चार-पाच लाख, हे विसरलात?

जुना गडी
विसरलो? नायटेलच्या लाइनसाठी आमच्या साहेबांनी कुणाकुणाचे पाय धरले ते मी पाहिलंय! धर्मादाय कोण म्हणतंय? स्पर्धा आली तेव्हा जमलं, एवढंच म्हणतोय, आणि तुम्ही त्याला फाटे फोडताय. दोन वर्षं गरिबाच्या न बोललेल्या सेकंदांचे पैसे घेतले, त्याला एक शब्द आहे आणि तो मुळामुठांनी वापरला तर तुम्हाला झोंबला.

टॉवरवाला
आवाज कमी करा. सुरुवातीला एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर फोन लागता लागत नव्हता, म्हणून माणसं दोन-तीन सिम बाळगायची. स्वस्त सेकंद घेऊन करणार काय?

जुना गडी
लागला की स्वस्त पडायचा. ते कमी आहे?

इकेजाकर
बरं, 15 जीबीचं प्रकरण वाईटच, त्याचं समर्थन मी करणार नाही. सेकंदाचं श्रेयही घ्या ग्लोला. पण डिझेल आणि डॉलरवर तुमच्यापैकी एकानेही उत्तर दिलेलं नाही. दर दाबून ठेवले तर पहिले टॉवर बंद होतात खेड्यातले, लेगोसच्या व्हिक्टोरिया आयलंडसारख्या श्रीमंत भागातले नाही.

मुळामुठा
डॉलरचं मान्य, नाइलाजाने. 50 पर्यंत ठीक म्हणू. मग एनसीसीने प्रत्येक प्लॅन तपासायला हवा होता, सरासरीच्या आड 200 टक्के कसे लपले?

निशिगंध
माझं कुणी वाचलंच नाही वाटतं. दर वाढवा, माझी हरकत नाही. पण न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले तर दुप्पट परत करायचा नियम आधी करा, मग मी स्वतः इकेजाकरांच्या बाजूने लिहीन.

इकेजाकर
हे मात्र पटलं. दुप्पट नाही, तिप्पट करा.

जुना गडी
आणि 2001 ते 2003 चे?