घर बेळगावात, आपण बाहेरगावी: एजंट, त्याचे टक्के आणि 'किरकोळ'

दिवाळीच्या आधी एजंटनं वर्षाचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. घर टिळकवाडीत, वडिलांनी बांधलेलं, मी पुण्यात. खाली दोन बिऱ्हाडं आहेत, एकाचं भाडं १२,००० आणि दुसऱ्याचं ९,५००. एजंटचे ८ टक्के, म्हणजे महिन्याला १,७२० आणि वर्षाला २०,६४०. एवढं ठरलेलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली आणखी एक ओळ होती: 'किरकोळ दुरुस्ती २३,४५०'. किरकोळ हे मुख्यापेक्षा मोठं कसं, एवढंच विचारलं, तर तपशील आला. टाकी साफ, गटार, नळाचे वॉशर, आणि 'मोटार वाइंडिंग' दोनदा. जूनमध्ये २,८०० आणि ऑक्टोबरमध्ये ३,२००.

दिवाळीत गेले तेव्हा मागच्या विहिरीपाशी जाऊन मोटार बघितली. मोटारीतलं मला काही कळत नाही. पण पंख्यावरच्या झाकणाचे चारही स्क्रू हिरव्या ऑइलपेंटनं बुजलेले होते. तो रंग बाबांनी खिडक्यांचा उरलेला म्हणून मोटारीला मारला होता, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. झाकणाच्या एका फटीत कुंभारणीनं मातीचं घर केलेलं, वाळून विटेसारखं घट्ट. वाइंडिंग करायचं तर झाकण काढायला लागतं. रंग न फुटता स्क्रू निघाले कसे, असं एजंटला विचारलं. म्हणाला, "ताई, ती दुसरी मोटार असंल." आमच्याकडे मोटार एकच आहे.

तुमचेही अनुभव लिहा. नुसतं 'आमचा इतके टक्के घेतो' नको. वाद कशावरून झाला, आणि पुढं काय केलंत, ते लिहा. कुणाचं नाव मात्र नको. एजंट मंडळींनीही लिहावं, त्यांची बाजूही ऐकायची आहे.

शहापूर, निवृत्त शिक्षक

मी गावातच राहतो, तरी फसलो. खासबागमधलं दुसरं घर भाड्यानं दिलंय. गुडघ्यांमुळं फिरणं होत नाही, म्हणून सगळं एजंटकडं सोपवलं होतं. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते, जूनपर्यंत भरली तर जेवढ्यास तेवढी, त्यानंतर महिन्याला २ टक्के दंड. हे मला पाठ आहे, कारण नोकरीत असताना दर एप्रिलला मी स्वतः रांगेत उभा राहायचो. त्यानं एप्रिलच्या भाड्यातनं घरपट्टी कापली, "भरली सर" म्हणाला. पावती आली दिवाळीनंतर. कन्नडमध्ये. आमचं सगळं शिक्षण मराठी शाळेतलं. बसची पाटी वाचतो, पण बारीक छापलेलं वाचायला जमत नाही. नात पाचवीत आहे. तिला म्हटलं, वाच बघू. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली आणि एका रकान्यावर थांबून म्हणाली, "आजोबा, इथं 'दंड' लिहिलंय."

शब्द तोच, लिपी तेवढी वेगळी! तारीख बघितली तर सप्टेंबरची. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर माझे पैसे त्याच्याकडं फिरत होते, सूट बुडाली, आणि वरचा दंडही त्यानं पुढच्या भाड्यातनं माझ्याच नावावर टाकला होता. मी ओरडलो नाही. आता घराचा पीआयडी नंबर (घरपट्टीचा मिळकत क्रमांक) नातीच्या वहीत लिहून ठेवलाय. तिचे वडील घरातनंच ऑनलाइन भरतात, पावती ती वाचून दाखवते आणि दर खेपेला एक आइस्क्रीम वसूल करते. तिचे टक्के एजंटपेक्षा बरे.

फोंडा, गोवा (घर अनगोळला)

माझं घर उद्यमबागच्या बाजूला, इंजिनीअरिंगची मुलं राहतात. दुरुस्तीवरून आमचं काही नाही, भांडण लाइटबिलावरून. २०२३ साली कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत बिल माफ, आणि भाडेकरूलाही मिळते. त्यासाठी भाडेकरूनं आपलं आधार मीटरच्या ग्राहक क्रमांकाला जोडायचं. आमच्या पहिल्या पोरानं जोडलं आणि हुबळीला नोकरी लागली म्हणून निघून गेला. त्याचं आधार तसंच राहिलं. नवीन पोरं अर्ज करतात तर होत नाही. बिल आलं की ती म्हणतात, मालकाची चूक, मालकानं भरावं. एजंट म्हणाला, हेस्कॉममध्ये, म्हणजे वीज कंपनीत, माणूस लावून काम करून घेतो, १,५०० लागतील. मी दिले. दोन महिने झाले तरी काही नाही. शेवटी एक पोरगाच म्हणाला, "अंकल, जुनं आधार काढायची सोय सेवासिंधूवर, सरकारच्या वेबसाइटवर आहे, फी नाही." त्यानं जुन्या मुलाला फोन लावला, ओटीपी घेतला, दहा मिनिटांत झालं. १,५०० परत मागितले तर एजंट म्हणाला, माणसाला देऊन झाले. कोण तो माणूस, ते आजपर्यंत कळलेलं नाही. चोर्ला घाट चढून भांडायला यायचं तर तेवढ्याचं पेट्रोल लागेल, म्हणून सोडून दिलं.

बेळगाव, एजंट

मी १४ वर्षं हेच काम करूलोय. ताईंनी मोटारीचं लिहिलंय ते वाचून मान खाली गेली. खोटं कशाला सांगू, मिस्त्रीकडनं कट घेणारे आहेत, आणि न लागलेलं सामान लावणारेही आहेत.

पण आमचंही ऐका. ७,००० भाड्याच्या घराचे ८ टक्के म्हणजे ५६०. त्यात भाडं वसूल करायचं, पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद घ्यायचे, अकरा महिन्यांचा करार नव्यानं करायचा. भाडेकरूचा फोन रात्री अकराला, टाकी भरून वाहतीय, वरचं बिऱ्हाड गावाला गेलंय. गाडी काढून जायचं कोणी? जूनपासून पाऊस धरला की रोज एका घराची गळती. आणि मालकांच्या अटी बघा की. मुलं नकोत, मांसाहारी नको, बँकवाले चालतील, पण बदली होऊ नये. घर तीन महिने रिकामं पडलं की आमचे टक्के शून्य, आणि वर ऐकून घ्यायचं की 'तुम्हाला माणूसच मिळत नाही'.

एक मालक बेंगळुरूचे. ८ वरून ६ करा म्हणाले, मी केले. सहाच महिन्यांत त्यांच्या दुरुस्त्या वाढल्या. का वाढल्या ते तुम्हीच समजा. आता मी नवीन काम १२ टक्क्यांच्या खाली घेत नाही. पण दुकानाची पावती देतो आणि काढलेला जुना भाग गोणीत घालून घराच्या माडीवर ठेवतो. मालक आले की बघतात. बहुतेकजण बघत नाहीत, पण गोणी असते.

निपाणी

आमच्याकडं एजंट नव्हता, भाचा होता. जुनी तंबाखूची वखार, दगडी भिंती, हायवेपासून जवळ. टक्के नाहीत, करार नाही, 'मामा, मी बघतो की'. तीन वर्षं भाडं नियमित आलं, थोडं कमी, पण आलं. मग एकदा मीच गेलो तर अर्ध्या वखारीत भाच्याच्याच दुकानाचे बारदान आणि खतांची पोती. भाडं भरत होता तो उरलेल्या अर्ध्याचं. विचारायचं कसं? बहिणीच्या घरी जेवायला बसलो होतो, ताटात पुरणपोळी. एजंट असता तर तिथल्या तिथं काढून टाकला असता.

सदाशिवनगर (सध्या मस्कत)

माझा फ्लॅट सांभाळणाऱ्यानं चकचकीत लेटरहेडवर बिल पाठवायला सुरुवात केली. सेवाशुल्क, त्याखाली '१८ टक्के जीएसटी'. वर्षभर भरला. नंतर बघितलं तर बिलावर नोंदणी क्रमांकच नाही. जीएसटीचा नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि कर्नाटकातला असेल तर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं. मी साधेपणानं विचारलं, नंबर द्या, माझ्या सीएला हवाय. पुढच्या महिन्यापासून ती ओळ बिलातून गायब! वर्षाला २० लाखांच्या आत सेवेची उलाढाल असलेल्याला सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नाही तर कर घेता येत नाही. आधीचे पैसे? 'बघू साहेब.' अजून बघतोय.

सीएनं आणखी एक सांगितलं. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्ज असेल तर त्याचं व्याज. एजंटचे टक्के आणि दुरुस्ती त्या ३० टक्क्यांतच धरलेली, वेगळी मिळत नाही. मी प्रत्येक प्लंबरची पावती जपून फाइल करत होतो, तो म्हणाला, 'फाइल छान आहे.'

हिंदवाडी, भाडेकरू

मालकांच्या धाग्यात घुसतेय, माफ करा. आमच्या एजंटनं रंगासाठी मालकाकडून पैसे घेतले आणि घर सोडताना आमच्या डिपॉझिटमधूनही रंगाचे १५,००० कापले. भिंत एकच, रंग एकदाच. मालकांचा नंबर आमच्याकडं नव्हता, करारावरही एजंटचाच होता. मालकांनो, निदान आपला नंबर तरी द्या. आम्ही रात्री अकराला फोन करणार नाही. (टाकी वाहत असेल तर करू.)

टिळकवाडी–पुणे, धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. सरांच्या नातीला माझ्याकडूनही एक आइस्क्रीम.

आधी एजंट बदलायचंच ठरवलं होतं. पण वरच्या दादांचं ५६० चं गणित डोक्यातून जाईना. मग आमच्याच एजंटला बोलावून बसले, बेळगावच्या कॅम्पातल्या एका हॉटेलात, चहावर. जून-ऑक्टोबरचे ६,००० परत मागितले. तो आधी तापला, मग गप्प बसला, मग म्हणाला, तीन हप्त्यांत देतो. मी टक्के ८ चे ११ केले. १,००० च्या वरचं काम असेल तर आधी फोन, पैसे मी मिस्त्रीला थेट फोनपे करणार, आणि दोन्ही भाडेकरूंकडे माझा नंबर. नवऱ्याचं म्हणणं, चोराला पगारवाढ दिलीस. असेल. पण पुण्यात बसून दुसरा माणूस शोधायचा तर त्याचीही मोटार सहा महिन्यांनीच कळणार.

काल दुपारी खालच्या वहिनींचा फोन आला, पाणी वर चढत नाही. मागोमाग एजंटचा व्हिडिओ. मोटार आता खरंच जळली आहे. तो पान्हा, स्क्रूड्रायव्हर घेऊन उकिडवा बसलाय, चौथा स्क्रू फिरता फिरत नाही, मग कडकन आवाज होतो आणि बाबांचा हिरवा रंग टवके उडून विहिरीच्या कट्ट्यावर पडतो. "बघितलं नव्हं ताई?" असं तो विचारतोय. वाइंडिंगचे २,२०० सांगितलेत दुकानदारानं, आत्ताच पाठवले.