मदत हवी आहे: सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडताना मराठी नावं आणि खाते क्रमांक बिघडतात

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आहे. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की 'सुनंदा'च्या जागी भलतीच रोमन अक्षरं येतात. लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्रॅम) फाइल उघडतानाच कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, विचारतं. यूटीएफ-८ (मराठीही चालणारी पद्धत) निवडलं की नावं चोख. एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल घेऊन ६५००१ (यूटीएफ-८चाच क्रमांक) निवडलं, तर तिथेही नावं जमतात.

खरी काळजी खाते क्रमांकांची. सुरुवातीची शून्यं गळतात, १६ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५च आकडे धरतं. यादी बँकेत द्यायची आहे, एका आकड्यापायी कुणाचे पैसे अडकायला नकोत.

तो रकाना आयात करतानाच 'टेक्स्ट' कसा करायचा? आणि गटातल्या ताईंना नुसत्या डबल क्लिकने मराठी दिसेल, अशी सीएसव्ही सेव्ह करता येते का? कृपया पायरीपायरीने सांगा.